शिष्याचा हात आणि गुरूचा शब्द
(गांवच्या शाळेच्या पटांगणांत, बाजाराच्या आदल्या रात्रीं भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



दिवसभर रानांत आणि आपापल्या धंद्यावर राबून तुम्ही येथें येऊन बसलां आहां. तुमचा वेळ फुकट दवडण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत जें शिकलों तें मुलांना सांगतों. विद्वत्तेचा टेंभा मिरवावा असें आमच्यापाशीं कांहीं नाहीं. पण गेल्या बाजाराच्या दिवशीं आपल्या डोळ्यांदेखत जें घडलें, त्यावर गप्प बसणें आम्हांस जमेना, म्हणून हें बोलणें.

काय घडलें तें तुम्हांस ठाऊक आहे. पिंपळाखालीं भाता लावून बसणारा कल्हईवाला म्हातारा कित्येक वर्षें आपल्या बाजाराला येतो. तुमच्या घरांतलीं पितळेचीं भांडीं त्याच्या हातचीं उजळलेलीं आहेत. त्या दिवशीं चार तरुण मुलें त्याच्यासमोर उभीं राहिलीं आणि येणार्‍या-जाणार्‍यास सांगूं लागलीं कीं, ह्याला काम देऊं नका. कां? तर कोठल्याशा दूरच्या मुलखांत ह्याच्या धर्माच्या लोकांनीं माणसें मारलीं. म्हातारा म्हणाला, "बाबांनो, मीं तो मुलूख डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं." तेव्हां त्यांतला एक म्हणाला, "तूं नसशील गेला. पण तुमच्या धर्माचा मूळपुरुषच तसा. मुळांतच विष, तर फांदीला गोड फळ कोठून येणार?" म्हातार्‍यानें निखार्‍यांवर पाणी ओतलें, भाता गुंडाळला आणि तो निघून गेला. त्या दिवशीं त्याच्या चुलीचें काय झालें असेल तें तुम्हीच समजा.

त्याचा धर्म कोणता हें आम्ही मुद्दामच बोलत नाहीं. तें नांव निघालें कीं तुम्ही न्याय करावयाचें सोडून बाजू घेऊं लागाल, आणि आम्हीही घेऊं. आज आपण बाजू घ्यावयाची नाहीं, हिशेब करावयाचा आहे. धर्म किंवा पंथ काढणार्‍या पुरुषाच्या अनुयायांनीं रक्त सांडलें, तर त्या रक्ताचा दोष त्या पुरुषाकडे किती, आणि अनुयायांकडे किती?

ह्या प्रश्नाचीं दोन सोपीं उत्तरें लोकांच्या तोंडीं असतात. एक, "गुरु निर्मळ होते, शिष्य बिघडले." दुसरें, "मुळांतच विष." आणि मौज अशी कीं दोन्ही उत्तरें एकाच माणसाच्या तोंडून निघतात. गुरु आपल्या घरचा असला तर पहिलें, आणि शेजार्‍याच्या घरचा असला तर दुसरें! धान्य घेतांना एक माप आणि देतांना दुसरें माप वापरणार्‍या दुकानदारास आपण काय म्हणतों? तेंच नांव येथेंही लागू आहे.

हा हिशेब कसा करावा हें आम्हांस कोणत्याही ग्रंथानें शिकविलें नाहीं. तें एका कुंभारणीनें शिकविलें. ती गोष्ट सांगतांना आम्हांस आमचीच लाज उघडी करावी लागते. पण ती सांगितल्यावांचून पुढचें बोलण्याचा आम्हांस हक्क नाहीं.

आम्ही नोकरीस नवे लागलों होतों. एका खोलींत दोन इयत्ता, आणि मास्तर एक. म्हणून एका हुशार मुलास आम्हीं मॉनिटर केलें होतें. एके दिवशीं आम्हांस कामासाठीं तालुक्याला जावयाचें होतें. मुलांनीं धडा केला नव्हता. रागाच्या भरांत आम्ही वर्गाला म्हणालों, "उद्यां जो धडा आणणार नाहीं त्याचीं बोटें ठेंचलीं पाहिजेत," आणि निघून गेलों. परत आलों तों कुंभाराच्या मुलाचें बोट सुजून काळें पडलें होतें. मॉनिटरनें रुळानें मारलें होतें. आम्हीं त्याला दरडावून विचारलें, तर तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच म्हणालां होतां."

संध्याकाळीं त्या मुलाची आई आली. आम्हीं आपली बाजू सावरली. म्हटलें, "बाई, आम्ही येथें नव्हतों. आम्हीं त्याला हातही लावलेला नाहीं." ती म्हणाली, "गुर्जी, तुमी मारलं न्हाई, खरं हाय. पर सबुद कुनाचा व्हता?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मग तिनें दुसरी गोष्ट सांगितली. त्या दिवशीं धडा न आणणारे दोघे होते. दुसरा मुलगा मॉनिटरचा सोबती, बड्या घरचा. त्याला रूळ लागला नाहीं. ती म्हणाली, "सबुद तुमचा, पर कुनाला मारायचं ह्ये त्या पोरानं ठरिवलं." आणि जातां जातां तिसरें बोलली, "आतां तुमी काय करनार, त्ये बगायचं."

बंधूंनो, सगळा न्याय ह्या तीन वाक्यांत आला. शब्द कोणाचा? निवड कोणाची? आणि चूक कळल्यावर पुढें केलें काय? आज आम्ही हेंच माप घेऊन एक जुना खटला तुमच्यापुढें मांडतों. तो दूरच्या मुलखांतला, जर्मनींतला आहे. तोच कां निवडला? एक तर त्या पंथाचें घर आपल्या गांवांत नाहीं, तेव्हां कोणाचें नाक जळणार नाहीं. दुसरें, त्या पुरुषाचा शब्द न् शब्द छापलेला आहे; तो असें म्हणालाच नाहीं, असें कोणास म्हणतां येत नाहीं. आणि तिसरें, त्या खटल्यांत मेलेले बहुतेक लोक तुमच्याआमच्यासारखे शेतकरी आणि कारागीर होते.

त्याआधीं दोन शब्द येशू ख्रिस्ताविषयीं, कारण तो पुरुष ख्रिस्ताचाच भक्त होता. ख्रिस्ताला धरावयास शिपाई आले तेव्हां त्याच्या एका शिष्यानें तरवार उपसून एकाचा कान तोडला. ख्रिस्तानें त्याला तरवार म्यान करावयास सांगितलें. असें त्यांच्याच शास्त्रांत लिहिलें आहे. तरी १०९५ सालीं पोप दुसरा अर्बन ह्यानें क्रूस घेऊन लढाईला निघण्याची हांक दिली. १०९६ सालीं र्‍हाईन नदीकांठच्या वर्म्स आणि माइन्झ ह्या गांवांतले यहुदी कापले गेले. आणि १५ जुलै १०९९ रोजीं यरुशलेम घेतल्यावर तेथल्या मुसलमानांची आणि यहुद्यांची कत्तल झाली. आपल्या शेजारीं गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यें थोडीं वर्षें सोडून, त्याच ख्रिस्ताच्या नांवानें इन्क्विझिशनचें न्यायासन चाललें. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या माणसानें घरांत जुने आचार पाळले असा संशय आला, तरी त्याला कोठडींत जावें लागे. आतां माप लावा. तरवार म्यान कर हा शब्द गुरूचा; ती पुन्हां उपसण्याची निवड शिष्यांची. येथें गुरूच्या खात्यावर रक्त मांडणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

पण सगळेच खटले इतके सोपे नसतात. आतां मार्टिन लूथरकडे या.

लूथर १४८३ सालीं जन्मला. घराणें मूळचें शेतकर्‍याचें, बाप खाणींच्या धंद्यांत शिरलेला. मुलगा मठांत गेला, शिकला, अध्यापक झाला. त्या काळीं पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करण्याच्या चिठ्ठ्या पोपच्या वतीनें विकल्या जात. १५१७ सालीं लूथरनें ह्या व्यापाराविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले. १५२१ सालीं बादशहासमोर उभा करून त्याला लिखाण मागें घेण्यास सांगितलें, त्यानें नाकारलें. पुढें लपून राहून त्यानें ख्रिस्ती शास्त्राचा नवा करार लोकांच्या भाषेंत, म्हणजे जर्मनींत आणला, आणि १५२२ सालीं तो छापला. धर्मशास्त्र नांगर्‍याच्या कानीं त्याच्याच बोलींत पडावें, मध्यें दलाल नको, हें त्याचें म्हणणें. हें काम थोर होतें, आणि त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. हिशेब करतांना जमेची बाजू खोडणारा कारकून लबाड.

त्यानें लिहिलें कीं ख्रिस्ती माणूस स्वतंत्र आहे. हा शब्द शेतकर्‍यांनीं ऐकला. त्यांची स्थिति काय होती? धान्याचा दहावा हिस्सा देवळाला, खंड सरदाराला, वर वेठ. ओढ्यांतला मासा धरला तर गुन्हा, जंगलांतली काटकी उचलली तर गुन्हा. गांवचें कुरण सरदारानें बळकाविलेलें. घरचा कर्ता पुरुष मेला कीं सरदाराचा माणूस येऊन दाव्याचें उत्तम जनावर सोडून नेई. म्हणजे दुःखाच्या दिवशींच दरोडा! कित्येक शेतकरी जन्मतःच सरदाराच्या मालकीचे मानले जात. १५२४ सालीं स्ट्यूलिंगेनकडे बंडाला तोंड फुटलें. तिकडे अशी कथा सांगतात कीं, ऐन सुगींत तेथल्या सरदारीणबाईनें दोरा गुंडाळण्यासाठीं गोगलगायींचे शंख वेंचून आणण्याचा हुकूम शेतकर्‍यांस केला, आणि उभें पीक टाकून ते शंख वेंचीत फिरले.

१५२५ च्या आरंभीं मेमिंगेन गांवीं शेतकर्‍यांनीं आपल्या मागण्यांचीं बारा कलमें लिहून काढलीं. लिहिणारांत सेबास्टियन लोट्झर म्हणून केसाळ कातड्यांचे पोशाख करणारा एक कारागीर होता. कलमें काय? आमचा धर्मोपदेशक आम्हीं निवडावा. धान्याच्या दशांशांतून त्याचें पोट भरून उरेल तें गरिबांना जावें. ख्रिस्तानें सर्वांसाठीं सारखेंच रक्त दिलें, तेव्हां आम्ही कोणाच्या मालकीचे नव्हे. वेठ ठरलेली असावी. कुरण गांवाला परत मिळावें. मेलेल्याच्या घरचें जनावर ओढून नेऊं नये. आणि बारावें कलम फार मोलाचें: ह्यांतलें एखादें कलम शास्त्राविरुद्ध आहे असें कोणीं दाखवून दिलें, तर तें आम्ही मागें घेऊं. बंधूंनो, इतकें नम्र बंड तुम्हीं कोठें ऐकलें आहे काय? थोड्याच महिन्यांत ह्या कलमांच्या हजारों प्रती देशभर पसरल्या.

शेतकर्‍यांची आशा होती कीं लूथर आपला आहे. एप्रिलांत त्यानें पहिलें उत्तर लिहिलें. त्यांत सरदारांना त्यानें खडसावलें, हें संकट तुमच्याच जुलमानें ओढवलें आहे म्हणून सांगितलें. आणि शेतकर्‍यांना सांगितलें कीं तुमचें गार्‍हाणें खरें असलें तरी शस्त्र उचलूं नका. इतकें बोलून तो थांबता तर आज त्याच्यावर खटला उभा राहता ना.

पण बंड वाढलें. शेतकर्‍यांचेही हात कोरे राहिले नाहींत, हें आम्ही झांकून ठेवणार नाहीं. त्या वर्षींच्या ईस्टरच्या सणांत वाइन्सबेर्ग येथें शेतकर्‍यांच्या एका टोळीनें तेथल्या काउंटास व त्याच्या सोबत्यांस भाल्यांच्या दोन रांगांमधून पळवून मारलें. पुष्कळ मठ लुटले गेले. लूथर भडकला. मे महिन्यांत त्यानें शेतकर्‍यांच्या खुनी व लुटारू टोळ्यांविरुद्ध म्हणून एक लहानसें पुस्तक छापलें. त्याचा मथितार्थ असा कीं, बंडखोराला जेथें सांपडेल तेथें, उघड किंवा गुप्तपणें, ज्याला शक्य असेल त्यानें मारावें; हें करणारा सरदार देवाचें काम करतो, आणि तें करतांना मेला तर त्याला सद्गति आहे.

१५ मे १५२५ रोजीं फ्रांकेनहाउझेन येथें सरदारांच्या तोफा आणि घोडेस्वार शेतकर्‍यांवर पडले. एका दिवसांत सुमारें पांच ते सहा हजार शेतकरी मेले. सरदारांकडचीं मेलेलीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं. शेतकर्‍यांबरोबर असलेला धर्मोपदेशक थॉमस म्यून्ट्झर पकडला गेला आणि २७ मे रोजीं त्याचें डोकें उडविलें. सगळ्या बंडांत मेलेल्यांचा आंकडा इतिहासकार सत्तर हजारांपासून एक लाखापर्यंत धरतात. सुगीच्या तोंडावर घरोघरचा नांगरधारी गेला.

आतां लावा कुंभारणीचें माप. ह्या लाख प्रेतांचा दोष लूथरकडे किती?

सगळा नाहीं. सरदारांना तरवार उपसण्यासाठीं लूथरच्या परवानगीची गरज नव्हती. त्यांना आपली वेठ आणि आपला खंड राखावयाचा होता. पोपला मानणार्‍या सरदारांनींही, लूथरचें नांव न घेतां, तितकेच शेतकरी कापले. पुस्तक लोकांच्या हातीं पडलें त्या वेळीं तर कत्तल सुरू झालेलीच होती. तेव्हां निवड सरदारांची, आणि रक्तही आधीं त्यांच्याच हातांवर. पण कांहींच दोष नाहीं, असेंही नव्हे. ज्याच्या शब्दावर गरिबानें जीव लावला होता, त्यानें मारणाराच्या तरवारीला देवाचें काम म्हटलें. मारणाराच्या मनांत जी टोंचणी उरते, तीच कधीं कधीं मरणाराला वांचविते. लूथरनें ती टोंचणी काढून घेतली. हा त्याचा दोष, आणि तो लहान नाहीं.

पुढें केलें काय? हा तिसरा प्रश्न. लोकांनीं त्याला दोष दिला तेव्हां त्यानें त्याच वर्षीं आणखी एक पत्रक काढलें, आणि आपलें म्हणणें सोडलें नाहीं. आठ वर्षांनंतर, १५३३ सालीं, घरीं जेवणाच्या पंक्तीला बसला असतां तो काय बोलला तें त्याच्या शिष्यांनीं टिपून ठेवलें आहे. बंडांतले शेतकरी आपणच मारले, त्यांचें रक्त आपल्या मानेवर आहे, असें तो म्हणाला. आणि लगेच म्हणाला कीं, तें आपण देवावर सोपवितों, कारण तसें बोलण्याची आज्ञा देवाचीच होती. बंधूंनो, पहिलें वाक्य पुरुषाचें होतें. दुसर्‍या वाक्यानें त्यानें तें पुसून टाकलें. आमच्या शाळेंतला मॉनिटर जें बोलला, तेंच बोलून हा मोठा माणूस मोकळा झाला: "गुरुजी, तुम्हीच म्हणालां होतां!"

दुसरें प्रकरण ह्याहून कठीण आहे. १५२३ सालीं लूथरनें यहुदी लोकांविषयीं एक पुस्तक लिहिलें, त्यांत त्यांच्याशीं मायेनें वागा असा उपदेश होता. ते ख्रिस्ती होतील ही त्याची आशा होती. ते झाले नाहींत. वीस वर्षांनीं, १५४३ सालीं, त्यानें दुसरें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें राजांना सल्ला दिला कीं, त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळा, घरें पाडा, पोथ्या हिसकावून घ्या, गुरूंना शिकवूं देऊं नका, रस्त्यांवरून जातांना मिळणारें संरक्षण काढून घ्या. १५४६ सालीं लूथर मेला. पुस्तक मागें राहिलें.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं हिटलरच्या लोकांनीं जर्मनी व ऑस्ट्रियांतलीं एक हजाराहून अधिक प्रार्थनामंदिरें जाळलीं-फोडलीं. १० नोव्हेंबर हा लूथरचा जन्मदिवस. थुरिंजिया प्रांतच्या मार्टिन झासे नांवाच्या लूथरपंथी बिशपानें लगेच लूथरचे उतारे काढून एक पुस्तिका छापली, आणि लूथरच्या वाढदिवशीं मंदिरें जळत आहेत ह्याचा आनंद प्रस्तावनेंत मांडला. त्यानंतरच्या वर्षांत साठ लाख यहुदी मारले गेले. लढाई संपल्यावर न्यूरेम्बर्ग येथें खटला चालला. आरोपींत यूलियुस श्ट्राइखर म्हणून एका साप्ताहिकाचा प्रकाशक होता. त्यानें वर्षानुवर्षें यहुद्यांविरुद्ध विष छापलें होतें. २९ एप्रिल १९४६ रोजीं तो कोर्टापुढें म्हणाला कीं, लूथर आज जिवंत असता तर तोही ह्याच पिंजर्‍यांत बसला असता. न्यायाधीशांनीं ही ढाल मानली नाहीं. ह्या माणसावर स्वतःच्या हातानें कोणाला मारल्याचा ठपका नव्हता, चिथावणीचा होता. त्याला १६ ऑक्टोबर १९४६ रोजीं फांशीं दिलें. म्हणजे कोर्टानें शब्दाचा दोष मानला. पण चारशें वर्षांपूर्वीं मेलेल्याच्या शब्दामागें जिवंत माणसाला लपूं दिलें नाहीं.

तर मग लूथरच्या पंथाच्या मुळांतच विष, असें म्हणावयाचें काय? त्याआधीं डेन्मार्क देशांत या. तेथली बहुतेक प्रजा लूथरपंथीच. तोच गुरु, तेंच शास्त्र, तेच रविवार. १९४३ सालीं तो देश जर्मनांच्या ताब्यांत होता, आणि तेथल्या यहुद्यांना पकडून नेण्याची वेळ ठरली. तेव्हां त्या देशाच्या लूथरपंथी बिशपांनीं ह्या छळाविरुद्ध एक पत्र काढलें, आणि ३ ऑक्टोबर १९४३ च्या रविवारीं तें देवळांतून वाचलें गेलें. त्या दिवसांत साध्या लोकांनीं यहुद्यांना घरांत, दवाखान्यांत, देवळांत लपविलें, आणि कोळ्यांनीं आपल्या मासेमारीच्या होड्यांतून रात्रींच्या रात्रीं सामुद्रधुनी ओलांडून त्यांना स्वीडनला पोंचविलें. कांहीं कोळ्यांनीं त्यासाठीं बरेच पैसे घेतले, तेंही खरें. पण पकडले गेलों तर काय होईल हें त्यांना ठाऊक होतें. सात हजारांहून अधिक माणसें वांचलीं. खुद्द जर्मनींतही डीट्रिख बॉनहोफर नांवाचा लूथरपंथी धर्मोपदेशक हिटलरला विरोध करतां करतां ९ एप्रिल १९४५ रोजीं फांशीं गेला.

आतां बघा. झासे लूथरचा शिष्य, आणि डेन्मार्कचे बिशपही लूथरचेच शिष्य. एकानें पेटी उघडून आगकाडी घेतली. दुसर्‍यांनीं छळणार्‍या सत्तेपुढें उभें राहून नाहीं म्हटलें. पेटींत दोन्ही होतें, कारण ठेवणार्‍यानें दोन्ही ठेवलें होतें. ती आगकाडी ठेवल्याचा दोष लूथरचा. तो काळानेंही धुऊन जात नाहीं. पण ती ओढण्याचा दोष ओढणार्‍याचा. तो लूथरवर ढकलतां येत नाहीं. आणि ज्या कोळ्यानें होडी हाकली, त्याच्या माथीं दोन्हींतला कोणताच दोष नाहीं, मग त्याच्या घरांत लूथरची तसबीर असो वा नसो. बाभळीचें बीं पेरणारा दोषी आहे. पण शेत आज ज्याच्या हातीं आहे, त्यानें तें रोप उपटावयाचें कीं त्याला पाणी घालावयाचें, हें त्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

आणि रोप उपटतां येतें. १९९४ सालीं अमेरिकेंतल्या मोठ्या लूथरपंथी मंडळानें लूथरचें यहुद्यांविरुद्धचें लिखाण आपण नाकारतों असें उघड जाहीर केलें. लूथर आणि त्याचे सोबती ह्यांनीं आणखी एका पंथाच्या लोकांना देहदंड द्यावयास संमति दिली होती. मोठ्या वयांत बाप्तिस्मा घ्यावा एवढेंच त्या लोकांचें मुख्य म्हणणें. २०१० सालीं जर्मनींत स्टुटगार्ट येथें जगांतल्या लूथरपंथी मंडळांनीं त्या पंथाच्या आजच्या वंशजांपुढें त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमा मागितल्यानें मेलेले उठले नाहींत. पण ह्या लोकांनीं लूथरला टाकला नाहीं, आणि त्याची चूकही पोटांत घातली नाहीं. आमचा गुरु येथें चुकला, असें त्याच्याच लेकरांनीं चारचौघांत म्हटलें. आमच्या मतें गुरूची ह्याहून मोठी सेवा नाहीं.

आतां आपल्या पिंपळाखालीं परत या. त्या चार मुलांना आम्ही शत्रु मानीत नाहीं. तीं आमच्याच शाळेंतून गेलेलीं आहेत. त्यांना आमचें सांगणें एवढेंच. कोणत्याही धर्माच्या मूळपुरुषाला प्रश्न विचारण्यास बंदी नाहीं. त्यानें काय सांगितलें, काय केलें, चूक कळल्यावर थांबला कीं नाहीं, हें जरूर विचारा. तसे प्रश्न विचारल्यावांचून माणूस शहाणा होत नाहीं. पण आधीं आपल्या घरच्या गुरूला विचारा, मग शेजार्‍याच्या. आणि दोघांना तेंच माप लावा.

आणि त्या म्हातार्‍याला हें माप लावा. शब्द त्याचा होता काय? नाहीं. निवड त्याची होती काय? नाहीं. त्या दूरच्या कत्तलीची त्यानें बाजारांत वाहवा केली असती, तर आम्ही स्वतः त्याला जाब विचारला असता. त्यानें तर तो मुलूखही पाहिला नाहीं. मग शिक्षा कशाची? कुंभाराच्या मुलाचें बोट आणि बड्या घरच्या मुलाचें बोट ह्यांत मॉनिटरनें जी निवड केली, तीच तुम्ही करीत आहां. दूरच्या खुन्यापर्यंत तुमचा हात पोंचत नाहीं, म्हणून जवळच्या गरिबावर रूळ उगारतां. ही निवड तुमची आहे. ती कोणत्याही मूळपुरुषावर ढकलतां येणार नाहीं.

कोणी विचारील, "मास्तर, तुम्हीं पुढें काय केलें?" विचारावेंच. दुसर्‍या दिवशीं आम्हीं सगळ्या वर्गासमोर म्हटलें कीं, तो शब्द आमचा होता आणि तो चुकीचा होता. मॉनिटरला त्याचा वांटा वेगळा समजावला. मग कुंभारवाड्यांत जाऊन तेंच त्या बाईसमोर बोललों. तेव्हांपासून वर्गांत रूळ फक्त रेघा आंखावयास निघतो. तो मुलगा आज मोठा झाला आहे, स्वतःचें चाक चालवितो. पण त्याचें तें बोट पुरतें मिटत नाहीं. आमच्या शब्दाचें फळ आम्हांस दर बाजारीं दिसतें. तें दिसावें, हेंच बरें.

उद्यां बाजार आहे. आम्हीं म्हातार्‍याकडे निरोप धाडला आहे. तो येईल असें त्यानें कळविलें आहे. आमच्या घरची एक कळशी आणि दोन पातेलीं आम्ही सकाळींच पिंपळाखालीं नेणार आहों. तुमच्या घरचीं भांडीं काळवंडलीं असतील तर तींही आणा. त्याला उपकार म्हणून नव्हे. कल्हई उडालेल्या भांड्यांत आंबट कळकतें, हें घरांतल्या बायांना आम्हीं सांगावयास नको.